‘इट’ म्हणजे नेमके कोण? इंग्रजीतून विज्ञान लिहिताना वाक्ये जोडण्याविषयी

द्रवाची घनता काढण्याचा प्रयोग आपण सर्वांनी शाळेत केलेला असतो. त्यातल्या एका कृतीकडे पाहू. ‘बाटलीत तेल भरा आणि तिचे वजन करा’ असे सांगितले, तर बाटलीसकट वजन करायचे हे कळते. ‘बाटलीत तेल भरा आणि त्याचे वजन करा’ असे सांगितले, तर वजन तेलाचे हवे आहे हे कळते. बाटली स्त्रीलिंगी आणि तेल नपुंसकलिंगी असल्यामुळे सर्वनामाच्या रूपानेच हा निवाडा होतो.

आता हीच सूचना इंग्रजीत देऊ : ‘फिल द बॉटल विथ ऑइल अँड वे इट’. यातला ‘इट’ कोण, बाटली की तेल? व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही चूक नाही, स्पेलिंगही बरोबर असेल. पण रिकाम्या बाटलीचे वजन नंतर वजा करायचे की नाही, हे या ‘इट’वर ठरते. ते वजा करायचे राहिले तर घनता चुकते.

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत येतो तेव्हा अशा शेकडो ‘इट’शी त्याची गाठ पडते. नाशिक जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच अवघड आहे. निफाड-दिंडोरीकडची मुले मराठी बोलत मोठी होतात. बागलाण-मालेगाव भागातल्या अनेक घरांत अहिराणी बोलतात, तर सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोकणा आणि इतर आदिवासी बोली आहेत. अशा मुलाला शाळेतली मराठीही शिकावी लागते आणि विज्ञानाची इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा ठरते. त्याला परासरण समजलेले असते, आकृतीही तो बरोबर काढतो, पण त्याचे लेखी उत्तर वाचताना आपल्याला अर्थ लागत नाही. मग ‘याला विषय कळलेला नाही’ असा शेरा बसतो. पुष्कळदा हा शेरा अन्यायाचा असतो. मुलाच्या मनात विचारांची साखळी अखंड असते, कागदावर मात्र तिच्या कड्या सुटलेल्या असतात.

या कड्या कोणत्या आणि त्या नेमक्या कोठे सुटतात, हे या लेखात पाहू.

वाक्यांना धरून ठेवणारे बल

पाण्याचे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून थेंब तयार होतो. या ओढीला इंग्रजीत ‘कोहिजन’ म्हणतात. लेखनातल्या वाक्यांना एकत्र धरणाऱ्या गुणालाही भाषाशास्त्रज्ञांनी तोच शब्द वापरला. मराठीत त्याला संसक्ती म्हणतात. या विषयावरचा पायाभूत ग्रंथ १९७६ साली निघाला. तो एम. ए. के. हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी मिळून लिहिला. रुकैया हसन यांचा जन्म १९३१ साली उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. पुढे त्यांनी ऑस्ट्रेलियात अध्यापन केले.

या दोघांनी इंग्रजीतल्या जोडणीची पाच साधने सांगितली. पहिले निर्देश, म्हणजे ‘तो’, ‘हे’, ‘त्या’ अशा शब्दांनी मागच्या गोष्टीकडे बोट दाखवणे. दुसरे, आधी आलेल्या शब्दाच्या जागी ‘वन’ किंवा ‘डू’ असा बदली शब्द ठेवणे. शास्त्रीय लेखनात हे क्वचितच लागते. तिसरे लोप, म्हणजे समजण्याजोगा शब्द गाळणे. चौथे जोडशब्द, म्हणजे आपली उभयान्वयी अव्यये आणि त्यांच्यासारखे शब्द. पाचवे शब्दसंबंध, म्हणजे तोच शब्द पुन्हा आणणे किंवा त्याच्या नात्यातला शब्द वापरणे.

हा विचार आपल्याकडे अगदी नवा नाही. वाक्याचा अर्थ लागायला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी लागतात, असे आपल्या शास्त्रकारांनी पूर्वीच सांगितले आहे. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा हवी, त्यांचा अर्थ एकमेकांशी जुळायला हवा आणि ती जवळ हवीत. ‘विस्तवाने झाडाला शिंपतो’ या वाक्यात आकांक्षा आहे, सन्निधीही आहे, पण योग्यता नाही, म्हणून ते वाक्य फुकट जाते. पाणिनीच्या सूत्रांत तर आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिताच चालू राहतो. त्याला अनुवृत्ती म्हणतात. तो लोपाचाच शिस्तबद्ध वापर आहे.

म्हणजे साधने दोन्हीकडे आहेत. फरक आहे तो कोणती भाषा कोणत्या साधनावर किती भार टाकते यात. विद्यार्थ्याची अडचण तिथेच सुरू होते.

मराठी जे फुकट देते, ते इंग्रजीत कमवावे लागते

पहिला फरक लिंगाचा. मराठीत निर्जीव वस्तूलाही लिंग आहे, म्हणून तो, ती, ते यांपैकी कोणते सर्वनाम आले यावरून निम्मे काम भागते. दोन्ही नामे एकाच लिंगाची असतील तेव्हा मराठीतही घोटाळा होतोच, पण पुष्कळदा लिंग आपल्याला वाचवते. इंग्रजीत सर्व निर्जीव वस्तूंना एकच ‘इट’. मराठीत विचार करणाऱ्या मुलाच्या मनात ‘ती’ आणि ‘ते’ वेगळे असतात. लिहिताना दोन्हींचे ‘इट’ होते आणि फरक कोठे गळाला हे त्याच्या लक्षातही येत नाही. यावर उपाय एकच. मागे दोन वस्तू आल्या असतील, तर ‘इट’ न लिहिता नाम पुन्हा लिहावे : ‘वे द फिल्ड बॉटल’.

दुसरा फरक लोपाचा. ‘मुळे पाणी शोषतात आणि खोडाकडे पाठवतात. तिथून पानांत पोचते.’ या दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही, तरी कोणी अडखळत नाही, कारण ‘पोचते’ हे क्रियापद एकवचनी आहे. ते अनेकवचनी मुळांशी जुळत नाही, पाण्याशी जुळते. इंग्रजी क्रियापद इतकी माहिती देत नाही, म्हणून तिथे कर्ता लिहावाच लागतो. नवखा विद्यार्थी तो गाळतो. एकदा रागावल्यावर तो प्रत्येक वाक्याच्या आरंभी ‘इट’ बसवू लागतो. एक चूक जाऊन दुसरी येते.

तिसरा फरक ‘-ऊन’ या प्रत्ययाचा. ‘नळी तापवून द्रव उकळला’ हे वाक्य मराठीत बिनघोर चालते. दोन्ही क्रिया करणारा ‘मी’ किंवा ‘आम्ही’ न सांगता कळतो. विद्यार्थी त्याचे इंग्रजी करतो : ‘हीटिंग द ट्यूब, द लिक्विड बॉइल्ड’. इंग्रजी वाचणाऱ्याला याचा अर्थ असा लागतो, की द्रवानेच नळी तापवली आणि मग तो उकळला! इथे ‘व्हेन द ट्यूब वॉज हीटेड’ असे स्वतंत्र उपवाक्य करावे लागते.

चौथा फरक जोडीने येणाऱ्या शब्दांचा. मराठीत जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी अशा जोड्या आहेत. एक आला की दुसऱ्याची आकांक्षा राहते. इंग्रजीत ‘ऑल्दो’ एकदा आले की पुढच्या वाक्यात ‘बट’ची गरज नसते. आपली मुले मात्र सवयीने दोन्ही लिहितात. ही चूक आळसाची नाही. मराठीचा नियम काटेकोर पाळल्यामुळे ती होते. वर्गात फळ्यावर ‘जरी’च्या खाली ‘ऑल्दो’ आणि ‘तरी’च्या खाली रिकामी जागा अशी मांडणी केली, तर एका तासात ती समजावता येते.

पाचवा फरक ‘द’ या उपपदाचा. मराठीत उपपद नाही, म्हणून मुलांना ‘अ’ आणि ‘द’ हे व्याकरणातले निव्वळ जाच वाटतात. खरे तर ‘द’ हे जोडणीचे फार मोठे साधन आहे. पहिल्यांदा ‘अ बीकर’ म्हणायचे, नंतर ‘द बीकर’. दुसऱ्या वेळचा ‘द’ वाचकाला सांगतो, ‘हे तेच, मघाशी सांगितलेले’. तो गाळला तर मागचा दुवा तुटतो आणि चंचुपात्र एक की दोन, असा प्रश्न उभा राहतो.

जोडशब्दांचा भरणा

उत्तर विस्कळीत वाटले की आपण शिक्षक बहुधा एकच उपाय सांगतो : ‘जोडशब्द वापरा.’ मुलांना एक यादी मिळते : मोअरओव्हर, हाउएवर, देअरफोर, हेन्स, ऑन द अदर हँड. मुले ती पाठ करतात आणि प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एकेक शब्द बसवतात. याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने पाहू.

नाशिकला ओळखीचा विषय घेऊ. द्राक्षे पिकत आली असताना अवकाळी पाऊस पडला, तर मणी का तडकतात? पुढचे परिच्छेद आम्ही नमुन्यासाठी रचले आहेत. मूळ उत्तर इंग्रजीत आहे असे समजावे. सोयीसाठी वाक्ये मराठीत देतो, पण जोडशब्द आणि सर्वनामे तेवढी इंग्रजी ठेवतो.

‘फर्स्टली, द्राक्षे पिकतात. मोअरओव्हर, पाऊस पडतो. ऑन द अदर हँड, मण्यात साखर असते. देअरफोर, मुळे पाणी शोषतात. हाउएवर, इट सालीतूनही आत जाते. हेन्स, इट वाढते. ड्यू टू धिस, इट फुटते. ड्यू टू धिस, बुरशी वाढते.’

आठ वाक्ये आणि आठ जोड. तरीही वाचणारा गोंधळतो. ‘मण्यात साखर असते’ याचा पावसाशी विरोध नाही, मग ‘ऑन द अदर हँड’ कशाला? मण्यातल्या साखरेमुळे मुळे पाणी शोषतात असे नाही, मग ‘देअरफोर’ कसे? तीन ‘इट’पैकी पहिला पाण्यासाठी आहे, दुसरा दाबासाठी आणि तिसरा सालीसाठी. ‘दाब’ हा शब्द तर उत्तरात कोठेच आलेला नाही. जोडशब्द नाते दाखवतो, नाते निर्माण करीत नाही. ज्या दोन वाक्यांत कार्यकारणाचा संबंध नाही, त्यांच्यामध्ये ‘देअरफोर’ ठेवल्याने तो उत्पन्न होत नाही. उलट परीक्षकाला वाटते की मुलाला कारण आणि परिणाम यांतला फरकच कळत नाही.

आता त्याच मुलाच्या मनातला आशय नीट गुंफून लिहू.

‘पिकलेल्या द्राक्षाच्या मण्यात साखरेचे प्रमाण खूप असते. अशा मण्यांवर पाऊस पडला, की पाणी दोन वाटांनी आत येते : मुळांवाटे आणि थेट सालीवाटे. सालीवाटे येणारे पाणी आतल्या साखरेच्या दाट रसाकडे परासरणाने ओढले जाते. या जादा पाण्यामुळे मण्याच्या आतला दाब वाढतो. हा वाढलेला दाब पिकलेल्या मण्याच्या सालीला पेलत नाही, आणि साल तडकते. तडकलेल्या जागेतून रस पाझरतो व त्या रसावर बुरशी वाढते.’

इथे यादीतला एकही भारदस्त जोडशब्द नाही. मग वाक्ये कशाने जोडली गेली? पहिल्या वाक्यातला ‘मणी’ दुसऱ्यात ‘अशा मण्यांवर’ होऊन आला. दुसऱ्यातली ‘सालीची वाट’ तिसऱ्याच्या आरंभी आली. तिसऱ्यातले ‘पाणी’ चौथ्यात ‘या जादा पाण्यामुळे’ झाले. चौथ्यातला ‘वाढतो’ पाचव्यात ‘हा वाढलेला दाब’ असा नामाशी जोडला गेला. आधी कळलेली गोष्ट वाक्याच्या आरंभी आणि नवी गोष्ट शेवटी अशी ही रचना आहे. पुढच्या वाक्यात तीच नवी गोष्ट जुनी होते. भिंत बांधताना विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाहीत, वरची वीट खालच्या दोन विटांवर बसते. वाक्येही तशीच एकमेकांवर बसायला हवीत.

इंग्रजीतही हेच करायचे. नुसते ‘धिस’ लिहून सोडून न देता त्याच्यापुढे नाम लिहावे : ‘धिस एक्स्ट्रा वॉटर’, ‘धिस इन्क्रीज्ड प्रेशर’. हे नाम शोधताना मुलाला आपण काय म्हणतो आहोत याचा विचार करावाच लागतो. ‘ड्यू टू धिस’ लिहिताना तो टाळता येतो.

शब्द बदलण्याचा मोह

मराठीच्या तासाला निबंध शिकवताना आपण ‘पुनरुक्ती टाळा, समानार्थी शब्द वापरा’ असे सांगतो. निबंधात ते ठीकच आहे. विज्ञानाच्या उत्तरात मात्र तो सल्ला घातक ठरतो. एका ओळीत ‘मास’ आणि पुढच्या ओळीत ‘वेट’, एका ठिकाणी ‘हीट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टेंपरेचर’ असे झाले, की शब्दसंबंधाची साखळी तर तुटतेच, शिवाय विज्ञानही चुकते, कारण वस्तुमान आणि वजन, उष्णता आणि तापमान या वेगळ्या राशी आहेत. एक संज्ञा घेतली की उत्तर संपेपर्यंत तीच ठेवावी, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे.

अभ्यासक काय सांगतात?

स्टीफन विट आणि लेस्टर फेगली या अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ साली महाविद्यालयातल्या नव्या विद्यार्थ्यांचे उत्तम ठरलेले पाच आणि कमी गुणांचे पाच निबंध तपासले. उत्तम निबंधांत वाक्यांचे दुवे जास्त दाट होते. मात्र दुवे मोजून लेखनाचा दर्जा ठरवता येत नाही, हेही त्यांनी बजावले. विषयाची समज, वाचकाचे भान आणि आशयाची सुसंगती यांवाचून दुवे लंगडे पडतात. पॅट्रिशिया कॅरेल यांनी १९८२ साली हाच मुद्दा ठामपणे मांडला : संसक्ती म्हणजे सुसंगती नव्हे. आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत म्हणायचे तर आकांक्षेने योग्यता मिळत नाही.

बेल्जियममध्ये सिल्व्हियान ग्रेंजर आणि टायसन यांनी फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून १९९६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परभाषेत लिहिणारे जोडशब्द सरसकट जास्त वापरत असतील ही अपेक्षा खरी ठरली नाही. ‘मोअरओव्हर’सारखे भर घालणारे शब्द जास्त आढळले, तर ‘हाउएवर’, ‘देअरफोर’ असे युक्तिवादाला वळण देणारे शब्द कमी आढळले. म्हणजे आणखी एक मुद्दा जोडणे सोपे जाते, आधीच्या मुद्द्याला मर्यादा घालणे किंवा त्यातून निष्कर्ष काढणे अवघड जाते. विज्ञानाच्या उत्तराचा कस मात्र या अवघड भागातच लागतो.

वर्गात काय करता येईल?

यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. फळा, जुन्या वह्या आणि थोडा वेळ पुरे.

१. बाणांचा खेळ : मुलांनी आपल्याच उत्तरातल्या प्रत्येक ‘इट’, ‘धिस’ आणि ‘दे’ला गोल करावा आणि तो ज्या नामाकडे जातो तिथपर्यंत बाण काढावा. बाण दोन नामांकडे जात असेल किंवा कोठेच जात नसेल, तर तिथे नाम लिहावे. शेजाऱ्याने काढलेला बाण आणि लिहिणाऱ्याने काढलेला बाण जुळतात का, हेही पाहावे.

२. झाकण्याची कसोटी : जोडशब्दावर बोट ठेवून दोन्ही वाक्ये वाचावीत. अर्थात काहीच उणे झाले नाही, तर तो शब्द काढून टाकावा. मग ‘देअरफोर’च्या जागी ‘हाउएवर’ ठेवून पाहावे. कोणाला काही खटकले नाही, तर त्या दोन वाक्यांत नातेच नाही असे समजावे.

३. पट्ट्यांचा खेळ : चांगल्या परिच्छेदाची वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून पिसावीत आणि गटांना क्रम लावायला द्यावा. क्रम कशावरून लावला ते मुलांनी सांगावे. ‘इथे द आहे, म्हणून हे नंतरचे’ असे उत्तर आले, की ‘द’चे काम वर्गाला समजले.

४. आधी मातृभाषेत : ‘का’ आणि ‘मग काय झाले’ या प्रश्नांची उत्तरे मुलांनी मराठीत, किंवा घरच्या बोलीत, तोंडी सांगावीत. तिथे साखळी पक्की असेल तर अडचण इंग्रजीची आहे. तिथेही ती तुटत असेल तर अडचण विज्ञानाची आहे. हे निदान झाल्याशिवाय उपचार करू नये.

शेवटची सूचना तपासनिसाच्या लाल पेनाविषयी. ‘भाषा सुधारा’ या शेऱ्यातून मुलाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी ‘इट’खाली रेघ मारून ‘कोण?’ एवढे विचारले, ‘धिस’खाली ‘काय?’ आणि ‘देअरफोर’खाली ‘कशावरून?’ असे लिहिले, तर मुलाला नेमकी सुटलेली कडी दिसते. हे तीन प्रश्न विचारायला इंग्रजीचा शिक्षकच लागतो असे नाही, विज्ञानाच्या शिक्षकाचेच ते प्रश्न आहेत.

लेखी उत्तराची एक मर्यादा आहे. वर्गात मुलाचे वाक्य अडले तर आपण ‘म्हणजे काय रे?’ असे विचारतो आणि तो हातवारे करून, आकृती काढून सांगतो. परीक्षेत तशी सोय नसते. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या दूरशिक्षणाच्या संस्थेत तर विद्यार्थी आणि परीक्षक यांची गाठ बहुधा कागदावरच पडते. अशा वेळी मुलाच्या बाजूने बोलायला त्याची वाक्येच तेवढी असतात. ती एकमेकांना धरून उभी असतील, तर पाड्यावरून आलेल्या मुलालाही त्याच्या समजुतीएवढे गुण मिळतील. तेवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.